निजवलेली चाकं

खाट माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि मला ती ऐकूच आली नाही. ढकलणारा माणूस "ताई, जरा सरकता का" म्हणाला तेव्हा मी अशी दचकले की हातातली बाबांच्या औषधांची पिशवी खाली पडली. कोणी म्हणेल, त्यात काय एवढं, इस्पितळातली खाट, आली आपली. पण मला खाट ऐकू येऊ नये हे आक्रीतच. आमची कंपनी खाटांची आणि ट्रॉल्यांची चाकं करते. जगाच्या पाठीवर कुठकुठल्या इस्पितळांत माणसं आमच्या चाकांवरून आत जातात आणि आमच्याच चाकांवरून बाहेर येतात, बरी होऊन किंवा तोंडावर चादर ओढून. बाकीच्यांची चाकं वर्षाच्या आत चिरचिरायला लागतात, आमची लागत नाहीत, आणि एवढ्या एका गोष्टीवर आमच्या सगळ्यांच्या चुली पेटतात. माझं काम म्हणजे दुसऱ्यांची चाकं विकत आणायची, फिरवायची, कापायची आणि ऐकायची. दारावर 'तुलना विभाग' अशी पाटी आहे. कारखान्यात सगळे चोंबडेखातं म्हणतात. म्हणोत बापडे. दुसऱ्याचं चाक रडायला लागलं की मला शांत झोप लागते, हे मात्र खरं. तर आधी वाटलं, ही खाट आमच्याच चाकांवरची. जरा बरंही वाटलं, कारण आत बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन चाललं होतं आणि ओळखीचं काहीतरी जवळ असावंसं वाटत होतं. मग पिशवी उचलायला वाकले तर चाकाच्या पट्टीवर समोरच्यांचा शिक्का. समोरचे म्हणजे दोन समुद्र ओलांडून पलीकडे असलेली कंपनी, पण आमच्याकडे त्यांना समोरचेच म्हणतात, जसे काही गल्लीपलीकडे राहतात. नवं चाक कोणाचंही गप्प असतं, अशी मी मनाची समजूत घातली आणि त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, नवी कुठली, वर्ष होऊन गेलं की, कंपनीने फुकट दिल्यात वापरून बघायला. आणि खाट वळवून निघून गेला. लांबलचक फरशीवरून ती गेली ती नुसती गेली. मी कान देऊन उभी होते. त्याच्या चपला तेवढ्या ऐकू आल्या.

शहाण्या बाईने अशा वेळी खाली बसावं, पाणी प्यावं. मी फोन काढला आणि धाकट्या साहेबांना सांगून मोकळी झाले की समोरच्यांचं चाक गप्प झालंय, वर्षभर वापरलेलं, माझ्या कानांनी ऐकलं, म्हणजे न ऐकलं. धाकटे साहेब आमचे मालक. केस पांढरे झाले तरी धाकटेच, कारण थोरले साहेब, म्हणजे त्यांचे वडील, जाऊनही अजून कारखान्यात थोरलेच आहेत. त्यांनी इस्पितळाचं नाव विचारलं. मग ते म्हणाले, चाक घेऊन ये. इस्पितळाच्या तळघरात दुरुस्तीवाला होता, त्याच्या भंगारात त्याच लॉटमधलं एक चाक निघालं, पट्टी वाकलेली, चाक धडधाकट. मी ते पर्समध्ये टाकलं आणि वर येताना, सवयीने, आत हात घालून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. आणि जिन्यात थांबले. एका बाजूला रबर गुळगुळीत, आणि दुसऱ्या बाजूला अगदी पुसट, डोळ्याला सहज न दिसणारी, पण अंगठ्याला लागणारी, आडवी-उभी जाड वीण. ब्लँकेटची. फोन करून झाला होता. घाई नडते म्हणतात ती अशी.

ती वीण मला कशी ठाऊक, हे सांगायचं तर आमच्या कारखान्यातली एक खोली सांगायला हवी. नकाशात तिचं नाव गोदाम आहे. बाहेरचे लोक कारखाना बघायला येतात तेव्हा त्यांना तिथे शिल्लक माल आहे म्हणून सांगतात आणि पुढे नेतात. आत अंधार असतो, कोमट असतं, आणि साच्यातून नुकती निघालेली चाकं कुशीवर टाकून, वरून पांघरूण घालून तीन दिवस नुसती ठेवलेली असतात. मध्ये एकदा हलक्या हाताने कूस बदलायची. याला आमच्याकडे निजवणं म्हणतात. झोपेत रबराचा ताण उतरतो, आणि ताण उतरलेलं रबर कुरकुरत नाही. एवढंच आमचं गुपित. यात यंत्र नाही, औषध नाही, काही नाही. आणि शोध लावला तो माझ्या बाबांनी, तोही अपघातानेच. एकदा संप झाला, भट्ट्या बंद पडल्या, गरम चाकं हलवायला माणसं नव्हती. बाबा तेव्हा रबरखात्याचे मुख्य, त्यांनी ती जवळच्या खोलीत पसरली आणि धूळ बसू नये म्हणून पहारेकऱ्यांची करडी ब्लँकेटं खाली-वर टाकली. संप मिटल्यावर ती चाकं जिथे गेली तिथून पुढे कधी तक्रारच आली नाही. दुसऱ्या कोणी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. बाबांनी सोडलं नाही, बाबा कधीच काही सोडत नाहीत, जेवताना डाव्या हाताने चाक फिरवत बसायचे आणि आई ओरडायची. वकिलांनी थोरल्या साहेबांना सांगितलं होतं, याची सरकारदरबारी नोंद करा, हक्क मिळवा. थोरले साहेब म्हणाले, नोंद म्हणजे जगाला वाचून दाखवणं. त्यांचं एक बोलणं कारखान्यात अजून सांगतात, की रंग आठवड्यात उचलतात, किंमत महिन्यात पाडतात, यंत्र तर ज्याच्याकडे पैसा तो विकत घेतो. ज्या कामाचा दुसऱ्याला कंटाळा येतो ते काम करा, ते कोणी चोरत नाही. आणि खरंच, समोरचे दर आठवड्याला जहाज भरून माल पाठवणारे, त्यांना कोण सांगणार की तुमचा माल आधी तीन दिवस झोपवा. सांगितलं तरी हसतील, असं आम्ही समजत होतो.

पण ब्लँकेटं आता आमच्याकडेच नाहीत. बाबा निवृत्त झाले, त्यांच्या जागी लंबू आला. उंच आहे म्हणून लंबू. बाबांनीच हाताखाली घेऊन तयार केलेला, शांत, नको तिथे हसणारा माणूस. ब्लँकेटाची लव चाकांना चिकटते, वीण उमटते, गिऱ्हाईक विचारतं, म्हणून त्याने पहिल्याच वर्षी ब्लँकेटं काढून नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीचे, सपाट तुकडे घातले. चाकं तितकीच गप्प राहिली. म्हणजे ब्लँकेटाचा काही संबंधच नव्हता, नुसतं झाकणं महत्त्वाचं. हे बाबांना कळलं तेव्हा त्यांनी लंबूशी दोन महिने बोलणं टाकलं होतं. ब्लँकेटाशिवाय निजवणं म्हणजे काय निजवणं, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते, वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यालासुद्धा. तर आता जिन्यात उभं राहून मला एवढं कळत होतं: लंबूने फोडलं असतं तर समोरच्यांनी नमदा घातला असता. त्यांनी ब्लँकेट घातलंय. दोन समुद्रांपलीकडे कोणीतरी मुद्दाम जाड विणीची ब्लँकेटं शोधून आणलीत, ज्यांची काही एक गरज नव्हती. ब्लँकेटावर शपथ घेऊन सांगणारा माणूस सगळ्या जगात एक होता, आणि मी वर पोहोचले तेवढ्यात त्याला परिचारिकेने डोळ्यावर पट्टी बांधून चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. तो तिला रबर म्हणजे काय ते समजावून सांगत होता.

वाटेत मी काही विचारलं नाही. बाबा एका डोळ्याने रस्ता बघत होते आणि बोलत होते, आणि मी हो हो करत होते. मला सारखं वाटत होतं की पर्समधलं चाक त्यांना दिसतंय. वेडेपणा, पण चोराच्या मनात चांदणं, आणि चोर तर मीही नव्हते. बाबांना घरी सोडलं, नवऱ्याला त्यांच्यापाशी बसवलं आणि कारखान्यात गेले. धाकट्या साहेबांच्या खोलीत लंबू आधीच उभा होता. बसायला सांगितलेलं दिसत नव्हतं, किंवा सांगूनही बसला नसेल. साहेबांनी हिशेब सोपा केला होता: निजवण्याचं सगळं आतून-बाहेरून जाणणारा आज कारखान्यात एकच, तो दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या प्रदर्शनाला गेला होता, तिथे समोरच्यांच्या माणसांबरोबर जेवला होता. जेवला होता हे लंबूने स्वतःच येऊन सांगितलेलं, हसत हसत. आता ते त्याच्या गळ्याशी आलं. साहेब ओरडणारे नाहीत. ते खालच्या आवाजात बोलतात आणि म्हणून भीती वाटते. ते म्हणाले, किमतीत आपण त्यांना कधीच पुरे पडणार नाही, त्यांचा कारखाना आपल्या गावाएवढा आहे. आपल्याकडे ही एकच वस्तू होती. मग माझ्याकडून चाक घेऊन लंबूच्या हातात दिलं आणि म्हणाले, बघ, ओळखतोस का.

लंबूने चाक घेतलं. माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे होतं. अंगठा कडेवरून गेला, थांबला, मागे आला, पुन्हा गेला. त्याला कळलं. त्याच क्षणी कळलं, कारण ती वीण त्यानेच तर आमच्या चाकांवरून घालवली होती. त्याने मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तसं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे बघतात तसं बघितलं. आणि चाक टेबलावर ठेवून म्हणाला,

"मला ठाऊक नाही, साहेब."

साहेबांनी त्याला उद्या सकाळपर्यंत वेळ दिला. सांगितलं नाहीस तर परवापासून येऊ नकोस, आणि पुढे वकील बघतील. लंबूच्या दोन मुली शिकतायत. रबर सोडून त्याला दुसरं काही येत नाही, आणि चोर म्हणून काढलेल्या माणसाला या धंद्यात कोण उभं करणार. मी तिथेच सांगायला हवं होतं का? मला पेन्शन दिसत होती, औषधपाणी दिसत होतं, बाबांचा दुसरा डोळा दिसत होता जो अजून व्हायचा होता, आणि कोर्टात उभे असलेले बाबा दिसत होते, न्यायाधीशाला निजवणं समजावून सांगणारे. सांगितलं तर आई मार खाते, नाही सांगितलं तर बाप कुत्रं खातो, अशी म्हण आहे. लहानपणी ती ऐकून मी खूप हसायचे. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी माझ्या खोलीत जाऊन यंत्रावर एक जुनं, रडणारं चाक चढवलं आणि ऐकत बसले. बरं वाटलं नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी बसून कसलंसं झाकण बोटांत फिरवत होते. मी नवऱ्याला बाहेर पाठवलं. दार लावलं, खुर्ची ओढली, आणि कुठून सुरुवात करावी ते सुचेना म्हणून सरळच विचारलं, समोरच्यांना निजवणं तुम्ही सांगितलंत का. मला वाटलं ते नाही म्हणतील, मग मी चिडेन, मग ते कबूल होतील. ते म्हणाले, सांगितलं की. त्यांच्याकडचा एक तरुण इंजिनिअर फोन करतो, दर रविवारी. आपली भाषा येणारी बाई मध्ये बोलायला घेतो. फार चौकस. आधी तब्येत विचारतो. तीन वर्षं झाली. पैसे? कसले पैसे? मुलगा शिकतोय, त्याचे पैसे घ्यायचे? मी बोलले, पुष्कळ बोलले. म्हटलं, आयुष्यभर ज्या घराचं खाल्लंत त्याचे वासे मोजलेत. म्हटलं, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक होतं, पण एवढं? लंबूचं सांगितलं, मुलींचं सांगितलं. लंबूचं ऐकून मात्र बाबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, त्याचा काय संबंध, तो तर ब्लँकेट मानतच नाही. उद्या सांगून टाक साहेबांना, मी सांगितलं म्हणून. त्यात लपवायचं काय आहे? मग झाकण फिरवणं थांबवून त्यांनी विचारलं.

"पण गप्प होतं ना?"

मी विचारलं, कोण.

"चाक. तू ऐकलंस ना. वर्ष झालेलं. गप्प होतं?"

होतं, म्हटलं. अगदी गप्प होतं. बाबांनी मान डोलावली आणि पट्टी नसलेला डोळा मिटून घेतला. चेहऱ्यावर असं समाधान की मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. म्हणाले, म्हणजे पोराने नीट केलंय, कूससुद्धा वेळेवर बदललीय. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला कळतंय का, आता आपलं काही राहिलं नाही. त्यावर ते म्हणाले की त्या खोलीतून निरोपाचा हार घेऊन बाहेर पडल्यापासून इथल्या एकानेही फोन करून विचारलं नाही, की अमुक कसं करायचं, तमुक का होतं. म्हणे, सगळं लंबूला देऊन झालंय, आता तुम्ही आराम करा. आराम, असं म्हणून ते हसले. एवढं सगळं डोक्यात घेऊन माणूस आराम करतो कसा, तेही सांगा म्हणावं. मला राग आवरत नव्हता आणि त्यांचं खोटंही नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

सकाळी मी लंबूच्या आधी पोहोचले आणि साहेबांना सांगितलं. वीण दाखवली, नमद्याचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. आवाज माझा असूनही परका वाटत होता. साहेब अंगठा फिरवत राहिले. त्यांनी विचारलं, किती घेतले. काही नाही, म्हटलं. फुकट? फुकट. हे त्यांना फार लागलं असावं, कारण ते उठून खिडकीशी गेले. चोरी झाली असती, लाच असती, तर तिची किंमत कळली असती. दर रविवारी तब्येत विचारून कोणी आपलं घर रिकामं करतं याला काय म्हणायचं. मग त्यांनी विचारलं, अजून काय काय येतं तुझ्या बाबांना. मी म्हटलं, सगळं. ऑपरेशनच्या टेबलांची नवी चाकं येत्या वर्षी निघायची आहेत, त्यांच्या रबराचं मूळसुद्धा बाबांचंच. साहेब परत येऊन बसले. खोटं बोलणार नाही, ते वाईट वागले नाहीत. लंबूला बोलावून माझ्यासमोर त्याची माफी मागितली. लंबू नको तिथे हसला. बाबांवर खटला नाही. पेन्शन चालू, औषधं चालू, दुसऱ्या डोळ्याचा खर्चही कंपनीचा. बदल्यात एका कागदावर सही, की यापुढे बोलणार नाहीत. हातात फार तर वर्षभराची आघाडी राहिलीय, साहेब म्हणाले, ती तरी टिकली पाहिजे.

"मजकूर तूच कर. त्यांना काय काय येतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत?"

मी केला. वाईट याचं वाटतं की चांगला केला. दोन दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं, कारण हे काम मला येतं: समोरचा कुठून आत शिरेल ते आधी ओळखायचं आणि ती फट बुजवायची. रबर तर पहिलं. मग साचे, उष्णता, गोदाम नावाची खोली. मग लक्षात आलं, संपाची गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याला निजवणं कळतं, म्हणून संप. संप आला तर त्या वर्षीची माणसं येतात, म्हणून सहकारी, हयात आणि दिवंगत. थोरल्या साहेबांच्या आठवणी, कारण त्यांचं ते कंटाळ्याचं बोलणं म्हणजे सगळ्या धोरणाची किल्ली. फसलेले प्रयोग तर नक्कीच, काय फसतं हे कळलं की समोरच्याची दोन वर्षं वाचतात. वकिलांनी वाचलं आणि म्हणाले, बाई, इतका घट्ट मजकूर आम्हालाही जमला नसता. मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

बाबांनी कागद डोळ्याजवळ धरून पूर्ण वाचला. कुठे कुठे मान डोलावत होते, एखाद्याने नीट केलेलं काम बघावं तसे. म्हणाले, हे फसलेल्या प्रयोगांचं तू चांगलं धरलंस, दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं. लंबू सुटला ना, एवढं विचारलं. सुटला म्हटल्यावर सही केली. एका डोळ्यामुळे ती ओळीच्या खाली उतरली. रविवारी फोन वाजला तेव्हा त्यांनी तो वाजू दिला.

त्या दुपारी आम्ही दोघंच होतो. मी चहा केला. बाबा बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत होते, मग एकदम हसू आलं त्यांना, खांदे हलायला लागले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, अगं, तुला सांगतो, एकदा आम्ही आणि थोरले साहेब… आणि थांबले. हसू तोंडावर तसंच राहिलं, मग तेही गेलं. मी म्हटलं, सांगा ना बाबा. मी काय बाहेरची आहे? मी तर कंपनीचीच, मला सांगितलेलं चालतं. त्यांनी खरंच विचार केला. तो कागद त्यांना पाठ झाला असावा, कारण त्यांचे ओठ हलत होते.

"नाही," खिडकीकडे वळून ते म्हणाले. "तू लिहिलंयस, कोणालाही."

मला रडू फुटलं. त्यांना ते दिसलं की नाही कोण जाणे, पट्टी माझ्याच बाजूच्या डोळ्यावर होती. कागदात नसलेलं काहीतरी शोधून त्यांनी विचारलं, उद्या ऊन पडेल का गं. मी म्हटलं, पडेल.